काकांचा राहिलेला पेपर

विमान कंपनीत त्यांना सगळे काका म्हणत. वय एक्केचाळीस, म्हणजे काका म्हणावं असं काही नाही. केस काळे, पोट बेताचं, जिने चढताना धापसुद्धा लागत नसे. पण कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात, डावी कॅप्टनची आणि उजवी को-पायलटची. उजव्या खुर्चीत माणूस साधारण पाच-सहा वर्षं बसतो आणि मग डावीकडे सरकतो. हे गृहस्थ सतरा वर्षं उजवीकडेच होते. ज्यांना त्यांनी पहिल्या दिवशी कॉफीचं मशीन कुठे आहे ते दाखवलं, ती मंडळी आता कॅप्टन होऊन डावीकडे बसत आणि प्रेमाने विचारत, काका, बाहेरची चक्कर तुम्ही मारताय ना? बाहेरची चक्कर म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून चाकं, पंख, इंजिनं डोळ्यांखालून घालणं. पाऊस असो नाहीतर बोचरा वारा, ती बहुतेक वेळा को-पायलटच्याच वाट्याला येते. मारताय ना म्हणे! नाही म्हणायची सोय होती का? काका पिवळं जाकीट चढवून मुकाट्याने निघत.

घोडं अडलं होतं पदवीपाशी. आता तुम्ही म्हणाल, विमान उडवायला पदवी कशाला? अगदी हाच प्रश्न काकांच्या वडिलांनी विचारला होता. वडील बस चालवायचे. मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना फ्लाइंग क्लबच्या शिष्यवृत्तीत निवडला गेला आणि कॉलेज सोडू का म्हणून विचारायला घरी आला, तेव्हा वडील जेवत होते. हातातला घास खाली न ठेवता त्यांनी सांगून टाकलं की लायसन्स मिळालं की झालं. तीस वर्षं बस चालवली, एका प्रवाशाने कधी माझी मार्कशीट मागितली नाही. विमान म्हणजे तरी काय, वर गेलेली बस. आणि खरं सांगायचं तर म्हातारा चुकीचं बोलला नव्हता. लायसन्सला पदवी लागली नाही. उड्डाणाचे तास लागले, ठणठणीत डोळे-कान लागले, हवामान, दिशा, नियम, इंजिन यांचे पेपर लागले, आणि ते सगळे काकांनी पहिल्या झटक्यात काढले. नोकरीसुद्धा लगेच लागली, कारण त्या वर्षी कंपनीला वैमानिक मिळता मिळत नव्हते.

माशी शिंकली ती नेमणुकीच्या पत्रात. चौथं पान, नववं कलम: पदवी पूर्ण केल्याखेरीज कॅप्टनपदासाठी विचार होणार नाही. काकांनी ते वाचलं होतं बरं का, वाचलं नाही असं नाही. पण चोविसाव्या वर्षी नववं कलम कोण मनाला लावून घेतं? पदवी काय, करू निवांत, असं म्हणत त्यांनी सही ठोकली.

निवांत म्हणता म्हणता तिशी आली. तोवर लग्न झालं होतं. बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसायची, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि तिला कुठलीही गोष्ट अर्धवट ठेवलेली खपत नसे. तिनेच घरबसल्या पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे फॉर्म आणले, एक नवऱ्याचा आणि एक स्वतःचा. तिचंही कॉलेज राहिलं होतं, आणि सोबतीला कुणी असलं की अभ्यास होतो असं तिचं म्हणणं. तीन वर्षांत ती पदवीधर झाली. काका मात्र रोस्टरच्या कचाट्यात सापडले. पुढच्या महिन्यात कुठल्या दिवशी कुठे उडायचं हे कंपनी पंचवीस तारखेला कळवायची, आणि विद्यापीठ परीक्षेचं वेळापत्रक लावायचं अठ्ठावीस तारखेला. एका वर्षी हातापाया पडून रजा मिळवली, तर आदल्या संध्याकाळी दोन को-पायलट तापाने आडवे झाले आणि काकांना बोलावणं आलं. परीक्षा चालू असताना काका परीक्षा केंद्राच्या बरोब्बर वरून दहा किलोमीटर उंचीवरून गेले.

तरीही एकेक करत पेपर निघाले, बहुतेक आकडेमोडीचे आणि एका ओळीच्या उत्तरांचे. छत्तिसाव्या वर्षी एकच उरला, आणि तो होता भूगोलाचा. हसा, हसा. ज्या माणसाने डोंगर, नद्या, किनारे, वादळं सगळं डोळ्यांनी पाहिलं, ज्याला ढगाचा नुसता रंग बघून पोटात काय दडलंय ते कळायचं, तो माणूस भूगोलात चार वेळा नापास झाला. कंपनीत त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. कॅप्टन कधी होणार असं कुणी विचारलं की ते म्हणत, पदवीचं अडलंय, आणि समोरचा कंपनीच्या नावाने बोटं मोडी. ते ऐकायला काकांना बरं वाटायचं.

चौथ्यांदा नापास झाल्यावर बायको त्यांना हाताला धरून विद्यापीठात घेऊन गेली. उत्तरपत्रिका दाखवा म्हणून तिने अर्ज केला होता. भूगोलाच्या बाई जाड भिंगांच्या, तुसड्या, पण मनाने सरळ होत्या. त्यांनी उत्तरपत्रिका उघडली. प्रश्न होता, धुके कसे तयार होते ते सविस्तर लिहा, गुण वीस. काकांनी लिहिलं होतं: जमिनीलगतची हवा दवबिंदूपर्यंत थंड. वारा मंद. आकाश निरभ्र. खाली एक रेघ मारून पुढचा प्रश्न.

"चूक आहे का?" काकांनी विचारलं.

"चूक कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "पण हे उत्तर नाही हो. हा निरोप झाला. वीस मार्कांना मी तीन ओळी कशा चालवून घेऊ?"

आता यात काकांचा तरी काय दोष? कॉकपिटमध्ये जास्तीचा शब्द म्हणजे गुन्हा. विचारलं तेवढं सांगायचं, आकडा नीट सांगायचा आणि गप्प बसायचं. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी कागदावर पूर्ण वाक्य लिहिलं नव्हतं. रकाने भरले होते, खुणा केल्या होत्या, आकडे टाकले होते. घरीसुद्धा तेच. उशीर का झाला असं बायकोने विचारलं तर ते म्हणत, वारा, चाळीस मिनिटं. तिला त्याची सवय झाली होती, परीक्षकाला कशी होणार?

आणि मग ते परिपत्रक आलं. पदवीअभावी मागे ठेवलेल्या को-पायलटांना कॅप्टन होण्याची ही शेवटची संधी. वर्षअखेरपर्यंत पदवी सादर न केल्यास किंवा त्यानंतरच्या चाचणीत उत्तीर्ण न झाल्यास नाव यादीतून कायमचं वगळलं जाईल. काकांनी ते एका परक्या गावच्या हॉटेलात फोनवर वाचलं. असल्या हॉटेलांच्या खिडक्या उघडत नाहीत. एकदा दार लागलं की पलंग, टीव्ही, इस्त्री आणि काचेपलीकडची पार्किंगची जागा, बस. काकांनी उगाचच खिडकीची कड दाबून पाहिली. निवृत्तीला चोवीस वर्षं होती. चोवीस वर्षं त्याच उजव्या खुर्चीत, उजवा खांदा त्याच खिडकीला टेकवून, आज शाळेत असलेल्या पोरांच्या डावीकडून येणाऱ्या सूचना ऐकत बसायचं, या विचाराने त्यांचा जीव घुसमटला. त्यांनी बायकोला फोन लावला आणि परिपत्रक वाचून दाखवलं. ती म्हणाली, परत ये, बघते कसा पास होत नाहीस ते.

तिने कंबर कसली. रोज संध्याकाळी दुकानातून आली की पर्स ठेवायची आणि काकांना वही देऊन बसवायची. पहिल्या दिवशी ओट्यावरच्या पातेल्याचं वर्णन पानभर लिही म्हणाली. काकांनी लिहिलं, पातेलं, स्टीलचं, रिकामं. तिने कपाळाला हात लावला. ते पातेलं कुणी आणलं, कधी आणलं, त्याला पोचा कसा आला, आणि रिकामं का आहे, सगळं लिही म्हणाली. काकांना घाम फुटला. पण ती हटली नाही. पातेल्यावरून ती खुर्चीवर गेली, खुर्चीवरून जिन्यावर, जिन्यावरून नद्यांवर. व्याख्या दे, कारणं दे, प्रकार दे, उदाहरण दे, आकृती काढ, आणि संपलं असं वाटलं की शेवटी 'थोडक्यात सांगायचे तर' असं म्हणून सगळं परत एकदा सांग. हे शेवटचं काकांच्या अगदीच पचनी पडेना. जे एकदा सांगितलं ते परत कशाला? ती म्हणायची, मार्कांसाठी रे बाबा, मार्कांसाठी.

दोन महिन्यांत काकांना पाल्हाळ लावता येऊ लागलं. धुक्यावर ते चार पानं लिहीत. ती वाचायची आणि खुदकन हसायची, कारण त्यातलं धुकं खरंच दिसायचं. पहाटे धावपट्टीवरचे दिवे एकेक करून कसे दिसेनासे होतात ते त्यांनी लिहिलं होतं. ती म्हणाली, एवढं सगळं तुझ्या आत होतं आणि मला वारा, चाळीस मिनिटं. काका लाजले. त्या घरातले ते दोन महिने फार चांगले गेले, हे सांगायलाच हवं.

परीक्षेच्या दिवशी ते एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींमध्ये, गुडघे न मावणाऱ्या बाकावर तीन तास अंग चोरून बसले आणि पुरवण्या मागून मागून लिहीत राहिले. सहा आठवड्यांनी निकाल लागला. बासष्ट गुण. बायकोने दुकानातल्या गिऱ्हाइकाला तसंच यंत्रावर हनुवटी टेकवून ठेवलं आणि बाहेर येऊन फोनवर रडली. काकांच्या वडिलांना कळवलं, तर त्यांना नक्की काय झालं ते समजेना. त्यांच्या लेखी मुलगा सतरा वर्षांपूर्वीच कॅप्टन झाला होता.

पदवी कंपनीत जमा झाली आणि पाच दिवसांचा सिम्युलेटर लागला. सिम्युलेटर म्हणजे पोलादी पायांवर उभी केलेली बंद खोली. आत हुबेहूब कॉकपिट, काचांबाहेर पडद्यावरचं आभाळ. दार लागलं की पाठीमागे बसलेला परीक्षक बटणं दाबून हवं ते संकट आणतो. आयुष्यात पहिल्यांदा काका डाव्या खुर्चीत बसले. उजवीकडे को-पायलट म्हणून एक बाई दिल्या होत्या, काकांहून नऊ वर्षांनी ज्युनियर, कामाला चोख. पहिले चार दिवस काकांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. इंजिन पेटलं, विझवलं. धूर झाला, उतरवलं. चाक अडकलं, सोडवलं. या सगळ्याला छापील पायऱ्या असतात आणि त्या काकांना झोपेतून उठवलं तरी पाठ होत्या. परीक्षक पिकल्या केसांचे, कमी बोलणारे कॅप्टन होते. चौथ्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले की उद्या फक्त चाचणी, मग झालं.

पाचव्या दिवशी त्यांनी छापील पायऱ्या नसलेलं संकट आणलं. जिथे उतरायचं त्या धावपट्टीवर एक विमान घसरून आडवं झालं आणि विमानतळ बंद पडला. त्यातच केबिनमधून निरोप आला की एका प्रवाशाच्या छातीत दुखतंय. जवळचा विमानतळ पंधरा मिनिटांवर, पण तिथे धुकं उतरायला लागलेलं. दुसरा चाळीस मिनिटांवर, तिथे आभाळ स्वच्छ. इंधन कुठल्याही एकाला पुरेल, पण जवळच्याला जाऊन तिथे जमलं नाही तर लांबच्याला पोचणार नाही.

काकांनी दोन्हीकडचं हवामान मागवलं. इंधन मोजलं, एकदा नव्हे, दोनदा, आणि दोन्ही वेळा बरोबर. धुक्याचा वेग काढला. मग उजवीकडे वळून दोन्ही पर्याय त्या बाईंना सांगितले, वीस सेकंदांत, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. इतकी नेटकी मांडणी परीक्षकांनी वर्षानुवर्षं ऐकली नव्हती. आणि सांगून झाल्यावर काका थांबले.

बाईसुद्धा थांबल्या. विमान एक घिरटी घालून दुसरीला लागलं. कंट्रोलवरून विचारणा झाली की कुठे जायचं ठरलं. इंधनाचा आकडा खाली येत होता. काकांच्या डोक्यात दोन्ही उत्तरं स्वच्छ उभी होती. एकावर बोट ठेवायचं, एवढंच उरलं होतं, आणि ते बोट हलेना. आता डावीकडून कुणीतरी बोलेल म्हणून कान टवकारलेले होते, आणि डावीकडे नुसती खिडकी होती. मग सतरा वर्षं अशा वेळी शेजारच्या माणसाला ते जे म्हणत आले होते तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"सर, तुम्ही म्हणाल तसं."

बाईंनी चमकून पाहिलं. परीक्षकांनी बटण दाबलं आणि बाहेरचं आभाळ जागच्या जागी थांबलं.

नंतर छोट्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना दोघे बसले. परीक्षक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की दोन्हींपैकी काहीही निवडलं असतं तरी ते पास करणार होते. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "काका, सतरा वर्षांत डावीकडचा माणूस चुकतोय असं वाटून तुम्ही कधी नाही म्हणालात?"

काका आठवू लागले. चुकतोय असं वाटलं होतं, बऱ्याचदा. पण काकांचा स्वभाव गरीब. सगळ्या कॅप्टनांना त्यांच्याबरोबर उडायला आवडायचं, वाद नाही, कटकट नाही. आपल्याला पदवी नाही, आपण कशाला बोला, असं त्यांना वाटायचं. की बोलावं लागू नये म्हणून पदवी नाही हे बरंच होतं? हा प्रश्न त्यांना त्या खोलीत पहिल्यांदा पडला.

"नाही," ते म्हणाले.

परीक्षकांनी फॉर्मवर लिहिलं, तांत्रिक ज्ञान उत्कृष्ट, निर्णयक्षमता अपुरी, मूळ पदावर परत. काकांनी जिथे खूण केली होती तिथे सही केली.

घरी येताना ते दोन थांबे आधीच उतरले आणि चालत आले. इतकी वर्षं ती पदवी त्यांच्या आणि डाव्या खुर्चीच्या मधे उभी होती, आणि कुणाशीही बोलताना तिच्या आडोशाला उभं राहता यायचं. आता आडोसा नव्हता. कुणी विचारलं तर काय सांगायचं? बायको विचारणार होतीच. तिला खरं सांगायचं असं त्यांनी तीनदा ठरवलं. वाक्यसुद्धा जुळवलं: मला ठरवता येत नाही. चारच शब्द. जिना चढेपर्यंत ते वाक्य त्यांच्या जिभेवर होतं.

बायको अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आली होती. दार उघडल्याबरोबर तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू मावळलं. तिने आत घेतलं, पाणी दिलं, समोर बसली आणि वाट पाहिली.

"काय झालं?"

"त्यांनी नियम बदलला," काका म्हणाले. हे कुठून आलं ते त्यांनाही कळलं नाही. "आता पुढची पदवी मागतायत. पदव्युत्तर."

ती हसेल, असं कसं रे शक्य आहे म्हणेल, कुठे लिहिलंय दाखव म्हणेल, असं त्यांना वाटलं. खरं तर तिने तसं म्हणावं म्हणून त्यांनी श्वास रोखून धरला होता. तिने एकदा जरी खोदून विचारलं असतं तरी ते सगळं ओकून मोकळे झाले असते. पण इतकी वर्षं सरळ, तुटक आणि खरंच बोलणाऱ्या माणसावर तिने लगेच विश्वास ठेवला. तिचे डोळे भरून आले. तिने कंपनीला दोन शिव्या हासडल्या, त्या परीक्षकाच्या अकलेचा उद्धार केला, आणि मग खुर्ची पुढे ओढून नवऱ्याचा हात हातात घेतला.

"तुझ्यात काही कमी नाही," ती म्हणाली. "त्यांना अडवायचंय म्हणून अडवतायत."

तिने डोळे पुसले, उठून कपाटातून कोरी वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"किती वर्षांची असते?"

काकांनी वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"दोन," ते म्हणाले.